जावळीचे खोरे आणि मुंबईची खोली

जावळीचे नाव निघताच १६५६ साल व चंद्रराव मोऱ्यांचा पाडाव हाच प्रसंग सर्वांस आठवतो. परंतु मेढा व त्याभोवतालचे वेण्णाखोरे यांच्या घराघरांतून अलीकडे जो इतिहास घडला तो तलवारीचा नसून मनिऑर्डरीचा आहे. आणि त्याचे अर्धे पान परळ, लालबाग, वरळी या मुंबईच्या वस्तीत लिहिलेले आहे. एक वाचल्यावाचून दुसरे उलगडत नाही.

येथील जमीन डोंगरउताराची. पाऊस उदंड, पण पीक भात, नाचणी व वरी यांचे. भावांभावांत वाटण्या होऊन जे वाट्यास येई त्यावर वर्षाचे दाणेही निघत नसत. इ. स. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली, आणि पुढे कोकणातील व घाटावरील तरणी माणसे तिकडे वाहू लागली. १८९६ च्या प्लेगाने ती परत पळाली. १८९१ साली ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ च्या शिरगणतीत ७,७६,००६ भरली. तथापि ही ओहोटी टिकली नाही. १९२१ च्या शिरगणतीप्रमाणे दर शंभर मुंबईकरांत मुंबईत जन्मलेले अवघे सोळा होते, आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया साडेपाचशेहूनही कमी. बाकीच्या स्त्रिया होत्या कोठे? त्या खोऱ्यात नांगरामागे होत्या.

१९२० साली स्थापन झालेल्या सरकारी विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. गिरणगावात अशा एकेका खोलीत एका गावचे कितीतरी गडी राहत. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी अंग टाकी. ट्रंका भिंतीशी रचलेल्या, जेवण खानावळवाल्या बाईकडे. या खोलीचे अर्थशास्त्र सरळ होते. मजुरी एका पुरुषाच्या पोटापुरती; त्याची बायको, मुले व आईबाप यांचा भार खोऱ्यातील नाचणीने उचलावा. गिरणीस स्वस्त पडणारा मजूर जावळीच्या स्त्रियांनी पोसला, असे म्हणण्यास मला मुळीच संकोच वाटत नाही. मजुरी कुटुंबास पुरेल इतकी असावी, असे पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या आपल्या परिपत्रकात सांगितले. गिरणगावात ते खरे होण्यास आणखी बराच काळ जावा लागला.

१९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली, मजुरीही हळूहळू वाढली, आणि पुरुषांच्या खोल्यांत संसार थाटले गेले. इकडे १९६० नंतरच्या दशकात कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली जावळीतीलही गावे बुडाली व माणसे दूरदूरच्या जिल्ह्यांत वसविली गेली. त्या धरणाची वीज मुंबईस पोचली, हे सांगावयास नकोच.

मग १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यातून कित्येक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. कोणी गावी परतले, कोणी हमाली पत्करली. १९६९ च्या माथाडी कायद्याने, ज्यासाठी पाटण तालुक्याचे अण्णासाहेब पाटील झटले, हमालीस निदान संरक्षण तरी दिले होते. बाजार नवी मुंबईस हलले तशी ही मंडळी कोपरखैरणे, घणसोलीकडे सरकली. गिरण्यांच्या जमिनीविषयी १९९१ साली नियम झाला, त्यात मोकळी जागा, सरकारी घरे व मालक अशी वाटणी होती. २००१ साली तो बदलून पहिल्या दोहोंचा वाटा फारच आखडला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. जेथे भोंगे वाजत तेथे मनोरे उठले. मजुरी कवडीमोल झाली, आणि मजूर जिच्यात निजत असे ती जागा सोन्याची झाली.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या त्याच सरकारी चाळींतील ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांतील भाडेकरूचा नातू मालक झाला, ही लहान गोष्ट नव्हे. पण लिफ्ट, रखवालदार व पाणी यांचा मासिक खर्च तो कोणत्या मिळकतीवर भागविणार? आजोबांची गिरणीतील कायम नोकरी त्याला नाही. पुष्कळांच्या नशिबी कंत्राटी चाकरी आली आहे. खोऱ्याकडे येणारा मनिऑर्डरीचा ओघ तर केव्हाच आटला. आता सुगीनंतर मेढ्याच्या एस. टी. स्थानकावर पाहावे, तो तांदळाची पोती मुंबईच्या गाडीवर चढत असतात.