धोक्याची पाटी

छापखान्यात कागदाचे गठ्ठे कापणारे यंत्र ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना त्याच्या पात्याची चाल आठवत असेल. पाते संथपणे खाली येते, कागदाचे अख्खे रीम एका दमात कापते आणि तितक्याच संथपणे वर जाते. आजच्या अशा यंत्रावर बहुधा एक पिवळा त्रिकोण लावलेला असतो आणि त्यात काळ्या रंगाने धोक्याचे चित्र काढलेले असते. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही अशा माणसालाही त्याचा अर्थ कळावा, हा त्यामागील हेतू. हा त्रिकोण तळहाताहून मोठा नसतो. परंतु त्याच्या पाठीशी सुमारे १८० वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मुख्यत्वे एका वादाचा इतिहास आहे. यंत्रात माणसाचे बोट तुटले तर दोष कोणाचा, हा तो वाद होय.

माझ्या नोकरीच्या आरंभीच्या काळात एका जिल्ह्याच्या ठिकाणी नुकसानभरपाईची काही प्रकरणे माझ्या हाताखालून गेली. त्यांतील एक विसरता येत नाही. लाकूड कापणाऱ्या वर्तुळाकार करवतीवर एका मजुराच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली होती. मालकाचे म्हणणे एका वाक्यात सामावलेले होते : यंत्रावर इशारा लिहिलेला होता, मजुराने तो जुमानला नाही. पाहणीस गेलो तेव्हा इशाऱ्याची पाटी खरोखरच होती, चांगली ठळक होती. मात्र ती इंग्रजीत होती, आणि तो मजूर आपल्या मातृभाषेतील कागदावरही अंगठाच उठवीत असे. करवतीवर बसवावयाचे लोखंडी झाकण काढून भिंतीशी टेकवून ठेवले होते. ते लावले की काम मंदावते, असे मला सांगण्यात आले.

हे म्हणणे त्या मालकाने काही नवीन शोधून काढले नव्हते. त्याचा उगम पाहावयाचा तर ज्या देशात कारखाने प्रथम वाढले त्या इंग्लंडकडे वळले पाहिजे. तेथे १८३३ च्या कायद्याने कारखान्यांवर सरकारी निरीक्षक नेमले गेले आणि १८४४ च्या कायद्याने यंत्रांच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याचे बंधन प्रथमच आले. यंत्र चालू असताना मुलांनी व स्त्रियांनी त्याची साफसफाई करू नये, असेही त्यात सांगितले होते. निरीक्षक लिओनार्ड हॉर्नर यांनी १८५४ साली छताजवळ फिरणाऱ्या आडव्या दांड्यांनाही कुंपण घातलेच पाहिजे असा आग्रह धरला, तेव्हा गिरणीमालक खवळले. १८५५ मध्ये मँचेस्टर येथे त्यांनी आपला संघ स्थापन केला. अपघात होतात ते कामगारांच्या बेसावधपणामुळे, यंत्रामुळे नव्हे, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते. हॅरिएट मार्टिनो यांच्यासारख्या विदुषीने मालकांच्या बाजूने पुस्तिका लिहिली, तर चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकाने कामगारांची बाजू उचलून धरली. १८५६ साली मालकांच्या दडपणाने कायदा सैल झाला. कुंपणास पैसे पडतात, सावधगिरीचा उपदेश मात्र फुकट असतो, हे व्यवहारी गणित त्या वादात पहिल्यांदा स्पष्टपणे मांडले गेले.

तेच गणित पुढे मुंबईच्या कापडगिरण्यांत आले. १८७५ साली मुंबई सरकारने गिरण्यांतील परिस्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला आणि १८८१ मध्ये हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदा झाला. शंभर किंवा अधिक माणसे काम करीत असतील अशाच कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली आणि यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद केली. परंतु कुंपण नसल्यामुळे ज्याचा हात गेला, त्याने पुढे जगावे कसे, या प्रश्नाला त्या कायद्यात उत्तर नव्हते.

तो प्रश्न विचारला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. महात्मा फुले यांचे हे सहकारी ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील रविवारच्या सुट्टीची मागणी आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असते. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती. काम करीत असताना जो जखमी होईल त्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो जन्माचा अपंग होईल त्याच्या निर्वाहाची योग्य व्यवस्था व्हावी. जखमी माणूस सावध होता की बेसावध, याची चर्चा त्या मागणीत नाही. ज्या कामगारांनी हे निवेदन पाठविले त्यांनी आपल्या शेजारच्या साच्यावरचे हात जाताना पाहिले होते. बारा-तेरा तास उभे राहिलेल्या माणसाला शेवटच्या तासाला सावध राहा म्हणणे किती पोकळ आहे, हे त्यांना सांगावे लागत नव्हते.

या मागणीस कायद्याचे रूप येण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याला जोडलेली अनुसूची ज्याने वाचली असेल, त्याला ती सहजासहजी विसरता येणार नाही. पुढे सुधारलेल्या त्या अनुसूचीत अंगठा गेल्यास कमाईची शक्ती तीस टक्के गेली असे धरीत. एका हाताची दोन बोटे गेल्यास वीस टक्के. संपूर्ण तर्जनी गेल्यास चौदा टक्के. करंगळीस सात टक्के. माणसाच्या हाताचा असा हिशेब मांडणे क्रूर वाटते खरे. पण त्यापूर्वी तो हिशेब शून्य होता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

याच कायद्यात एक अपवादही होता. कामगाराने सुरक्षिततेसाठी स्पष्टपणे दिलेली आज्ञा हेतुपुरस्सर मोडली, किंवा संरक्षक साधन हेतुपुरस्सर काढून टाकले, आणि त्यामुळेच इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी मालकावर राहत नसे. मृत्यू अथवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर मात्र हा बचाव चालत नसे. धोक्याची पाटी न्यायाच्या क्षेत्रात शिरते ती या दारातून. पाटी म्हणजे स्पष्ट आज्ञा, असा युक्तिवाद करता येतो. जी वस्तू कामगाराच्या रक्षणासाठी लावावयाची, ती अशा रीतीने मालकाच्या बचावाचा कागद होऊन बसते.

१९४८ चा कारखाने अधिनियम ब्रिटनच्या १९३७ च्या कायद्याच्या धर्तीवर रचलेला होता. त्याच्या एकविसाव्या कलमाने यंत्राचा प्रत्येक धोकादायक भाग भक्कमपणे झाकण्याचे कर्तव्य कारखानदारावर टाकले. हे कर्तव्य किती कडक असू शकते, ते ब्रिटनच्या उमरावसभेने १९५५ साली ‘जॉन समर्स विरुद्ध फ्रॉस्ट’ या खटल्यात सांगितले. सहाणेच्या फिरत्या चाकाने एका कामगाराच्या अंगठ्यास इजा झाली होती. चाक पूर्ण झाकले तर त्यावर कामच करता येणार नाही, हा मालकाचा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही. कुंपण हे जागरूक माणसाइतकेच थकलेल्या व गाफील माणसासाठीही असते, हे तत्त्व त्या देशाच्या न्यायालयांनी तोपर्यंत स्वीकारलेले होते. शंभर वर्षांपूर्वी मँचेस्टरच्या मालकांनी मांडलेल्या म्हणण्याला मिळालेले हे उत्तर होय.

परंतु हे सारे कायदे कारखान्याच्या भिंतीपाशी थांबत. आपल्या देशात साठीच्या दशकाच्या अखेरीस गव्हाची नवी वाणे आली, पीक वाढले आणि पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश या भागांत मळणी यंत्रे शेतोशेती फिरू लागली. हंगाम थोड्या दिवसांचा, काम रात्रंदिवस, मजूर झोपेने पेंगुळलेला. पेंढी आत लोटताना हात तिच्याबरोबर ओढला जाई आणि कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंत तुटे. या अनर्थावर जो उपाय निघाला तो बोधप्रद आहे. भारतीय मानक संस्थेने १९७९ च्या मानकात पेंढी घालावयाच्या घसरणीची लांबी किमान ९०० मिलिमीटर असावी व त्यातील ४५० मिलिमीटर भाग वरून झाकलेला असावा असे ठरविले. उद्देश सरळ होता : हात कितीही आत गेला तरी तो फिरत्या ढोलापर्यंत पोचू नये. यंत्रांपासून राखावयाच्या अंतरांचे जे आंतरराष्ट्रीय मानक आज प्रचारात आहे, तेही रुंद फटीतून आत जाणाऱ्या बाहूसाठी ८५० मिलिमीटर अंतर सांगते. पुढे १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रे नियमन कायदा केला. त्यातील ‘धोकादायक यंत्र’ या संज्ञेचा पहिला अर्थच शक्तीवर चालणारे मळणी यंत्र असा आहे.

तर मग पाटीचे स्थान कोणते? यंत्ररचनेच्या आंतरराष्ट्रीय मानकांनी त्याचे उत्तर तीन पायऱ्यांत दिले आहे. पहिली पायरी, यंत्राची घडणच अशी करावी की धोका उरू नये. दुसरी, जो उरेल त्याला आवरण, जाळी किंवा अटकाव घालावा. छापखान्यातील कापणी यंत्राला दोन दूर-दूरची बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय पाते खाली येत नाही, ती योजना याच पायरीची. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे चालविणाऱ्याचा एकही हात पात्याखाली असू शकत नाही. या दोन्ही पायऱ्यांनंतर जो धोका शिल्लक राहील, त्याविषयीच इशारा द्यावयाचा. पाटी ही तिसरी पायरी आहे. पहिल्या दोन गाळून तिसरीवर उडी मारता येत नाही.

आणि ही तिसरी पायरी तरी मजुराच्या पायाखाली यावयास हवी. १९४८ च्या कायद्याने कारखान्याच्या प्रवेशद्वाराशी लावावयाचा गोषवारा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असावा असे सांगितले होते. त्या कायद्याची जागा आता २०२० साली संमत झालेल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या संहितेने घेतली आहे. पण सुरतेच्या यंत्रमागावर ओडिशाचा मजूर असतो, लुधियानाच्या कारखान्यात बिहारचा असतो, पुण्याच्या लोखंडी पत्र्याच्या प्रेसवर झारखंडचा असतो. बहुसंख्यांची भाषा ती त्याची भाषा नव्हे. चित्रांकित त्रिकोणाचे खरे मोल येथे आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ७०१० या मानकाने धारदार वस्तूसाठी, हात चिरडण्याच्या धोक्यासाठी अशी निरनिराळी चिन्हे निश्चित केली. तथापि चित्रदेखील कोणी तरी एकदा समजावून द्यावे लागते. ते काम मुकादमाचे आहे, आणि ते मजुराच्या बोलीत व्हावयास पाहिजे.

ज्या प्रकरणाने या विषयाकडे माझे लक्ष वेधले, त्याचा निकाल मजुराच्या बाजूने लागला. जी आज्ञा वाचताच आली नाही ती त्याने हेतुपुरस्सर मोडली असे म्हणता येत नाही, आणि झाकण त्याने काढल्याचाही पुरावा नव्हता. वीस टक्क्यांच्या हिशेबाने जी रक्कम झाली ती त्यास मिळाली. पैसे मिळाल्याच्या पावतीवर त्याने डाव्या हाताचा अंगठा उठविला. शेजारची दोन बोटे नव्हती. जाताना त्याने मला एकच गोष्ट विचारली : “साहेब, ते झाकण आता बसवलं का?” त्याच्या जागी त्या करवतीवर त्याचाच धाकटा भाऊ लागला होता.