साधे बहुमत, विशेष बहुमत आणि विदर्भ

सामान्य निर्णय साध्या बहुमताने व मूलभूत निर्णय विशेष बहुमताने घ्यावेत, असा लोकशाही संस्थांचा संकेत आहे. परंतु मूलभूत कशास म्हणावयाचे, हे मतदानापूर्वीच ठरलेले असते. विदर्भाच्या इतिहासावरून ही गोष्ट स्पष्ट होते.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३६८ नुसार घटनादुरुस्तीस प्रत्येक सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांची किमान दोन-तृतीयांश मते लागतात. याउलट अनुच्छेद ३ खाली राज्य निर्माण करणे वा त्याच्या सीमा बदलणे साध्या बहुमताने होते. संबंधित विधिमंडळाचे मत मागविले जाते. त्याची संमती मात्र आवश्यक नसते. संस्थानांच्या विलीनीकरणाच्या त्या काळात सीमा अस्थिर होत्या. तेव्हा ही लवचिकता समजण्याजोगी होती.

फाजल अली आयोगाने १९५५ साली आठ मराठी जिल्ह्यांचे विदर्भ राज्य सुचविले. तथापि १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने ते जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले व नागपूरचे राजधानीपद संपले. मूळ विधेयकात द्विभाषिक राज्य नव्हते. तरीही बदललेले विधेयक विधिमंडळांकडे पुन्हा पाठविण्याची आवश्यकता नव्हती, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली बाबूलाल पराते खटल्यात दिला.

१९५६ सालीच सातव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे विशेष बहुमताने, अनुच्छेद ३७१(२) अस्तित्वात आला. विदर्भासाठी स्वतंत्र विकास मंडळ व निधीचे समन्याय्य वाटप यांची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपविण्याचा अधिकार त्याने राष्ट्रपतींस दिला. परंतु हा केवळ अधिकार होता, बंधन नव्हे. प्रत्यक्ष आदेश १९९४ साली निघाला आणि मंडळाची मुदत २०२० च्या एप्रिलमध्ये संपली. शिवाय याच अनुच्छेदातील ‘मुंबई राज्य’ हे शब्द १९६० साली बदलले, ते साध्या बहुमताच्या मुंबई पुनर्रचना कायद्याने. कारण अशा कायद्यातील आनुषंगिक बदल घटनादुरुस्ती मानू नयेत, असे अनुच्छेद ४ सांगतो.

तात्पर्य, विशेष बहुमत तरतुदीचे अस्तित्व राखते, तिचा अंमल नव्हे. दुसरीकडे, आंध्र प्रदेश विधानसभेने विधेयक फेटाळूनही २०१४ साली तेलंगण निर्माण झाले. विदर्भ राज्याच्या मार्गातही दोन-तृतीयांशाचा अडसर नाही. मतांची संख्या किती, यापूर्वी मते कोणाची मोजावयाची, हा प्रश्न येतो. आणि त्याचे उत्तर अनुच्छेद ३ ने संसदेच्या बाजूने दिलेले आहे.