सोयाबीनचे उत्पादन अडते कुठे?

पुणे : शहरातील गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. रस्ता समाजसुधारक आगरकरांच्या नावाचा, तर संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाची. १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या नावाने सुरू झालेल्या या संस्थेने सोयाबीनचे 'एमएसीएस' मालिकेतील अनेक वाण देशाला दिले आहेत.

राज्यात सोयाबीन सुमारे ५० लाख हेक्टरवर घेतले जाते. देशाची सरासरी उत्पादकता मात्र अनेक वर्षे हेक्टरी १० क्विंटलच्या आसपास रेंगाळते आहे. ब्राझील आणि अमेरिकेत ती ३० क्विंटलपुढे आहे. तेथे जनुकीय सुधारित बियाणे सर्रास वापरले जाते. भारतात अशा सोयाबीनच्या लागवडीस परवानगी नाही. मात्र सगळा फरक बियाण्यावर ढकलता येणार नाही. आपले सोयाबीन बहुतांशी कोरडवाहू असून, त्याचे भवितव्य सुमारे १०० दिवसांतील पावसाच्या वेळापत्रकावर ठरते.

फुलोरा आणि शेंगा भरण्याच्या काळात पावसाने ओढ दिल्यास फुले गळतात, दाणे बारीक राहतात. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तो नेमका याच टप्प्यात. खंड पडला, की पांढरी माशी वाढते आणि तिच्यामार्फत पिवळा मोझॅक पसरतो.

याउलट काढणीच्या वेळचा पाऊस दोन हंगाम बिघडवतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये उभे आणि कापलेले पीक भिजले. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण अत्यंत पातळ असते. भिजलेल्या अथवा मळणीत मार लागलेल्या दाण्याची उगवणशक्ती झपाट्याने घटते. परिणामी २०२० च्या खरिपात बियाणे न उगवल्याच्या तक्रारींचा राज्यभर पूर आला आणि असंख्य शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. दोष बियाणे कंपन्यांना दिला गेला. त्यात तथ्य नव्हते असे नाही; परंतु नुकसानीचे एक मूळ आदल्या वर्षीच्या पावसात होते.

तंत्रज्ञानाचे उत्तर काही अंशी उपलब्ध आहे. आघारकर संस्थेचा 'एमएसीएस १४०७' हा वाण १०४ दिवसांत तयार होतो, हेक्टरी ३९ क्विंटलपर्यंत उत्पादन देतो आणि खोडमाशी, चक्रीभुंगा, पांढरी माशी यांना दाद देत नाही. त्याच्या शेंगा जमिनीपासून सुमारे सात सेंटिमीटर उंचीवर लागतात व सहसा फुटत नाहीत, त्यामुळे यंत्राने काढणी करता येते. गंमत अशी, की पुण्यात घडलेला हा वाण आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड, छत्तीसगड आणि ईशान्य भारतासाठी शिफारस केलेला आहे. महाराष्ट्रात राहुरी आणि परभणी कृषी विद्यापीठांचे 'फुले संगम', 'एमएयूएस' मालिकेतील वाण घेतले जातात.

रुंद वरंबा-सरी पद्धतीत जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते आणि खंडाच्या काळात वरंब्यात ओल टिकते. एकाच यंत्राने दोन्ही संकटांची तीव्रता कमी होते, हे तिचे वैशिष्ट्य.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र घरातच होतो. सोयाबीन स्वपरागसिंचित असल्याने घरचे बियाणे तीन वर्षे वापरता येते. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभराने मोजावेत. ७० उगवले, तर बियाणे योग्य. त्याहून कमी असल्यास त्या प्रमाणात बियाणे वाढवावे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पाभर बाहेर काढू नये, हेही कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पहिली सर पडताच पेरणीची घाई होते, ती होतेच.