खैरलांजीचे अपील काय शिकवते?

२९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडारा सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप दिली. पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने अपिलात फाशी रद्द करून आठही जणांना २५ वर्षांची शिक्षा दिली. कारण ठरले सूड. जात पुन्हा निकालाबाहेर!

तेव्हा गंभीर गुन्हा 'जातीच्या कारणावरून' घडल्याचे सिद्ध करावे लागे. २६ जानेवारी २०१६ पासून पीडिताची जात आरोपीला माहीत असणे पुरेसे आहे. म्हणून ओतूर परिसरातील तरुणांना आम्ही सांगतो: आरोपीला जात कशी माहीत होती, हे फिर्यादीतच नोंदवून घ्या. अपिलात तीच ओळ कामी येते. जय भीम!