दुष्काळातले बालपण

हिवरे बाजारचा इतिहास आपण आजवर पाण्याच्या भाषेत वाचत आलो आहोत. १९७२ चा दुष्काळ, बोडके डोंगर, पोटासाठी गाव सोडून गेलेली कुटुंबे; पुढे १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, चर खणले गेले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी आली, विहिरींना पाणी आले आणि गेलेली माणसे परतू लागली. हा क्रम खराच आहे. परंतु मधल्या १७ वर्षांत ज्यांचे बालपण सरले, त्यांच्या मनाचे काय झाले, हा प्रश्न त्यात कोठेच येत नाही.

असा प्रश्न इतिहासाला विचारता येतो, हे नेदरलँड्सच्या उदाहरणावरून दिसते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे तेथे उपासमार झाली. तिच्या ऐन भरात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. त्या उपासमारीला ठळक आरंभ आणि ठळक शेवट होता, म्हणून हा हिशेब मांडता आला.

आपला दुष्काळ निराळा. १९७२ मध्ये सरकारी दुष्काळी कामांनी लाखो लोकांना जगवले. मात्र हिवरे बाजारात पाऊस परतल्यावरही दुष्काळ घरात मुक्कामाला राहिला. शेती पिकेना, तेव्हा दारूच्या भट्ट्या लागल्या. त्यांच्यामागून भांडणे आणि मारामाऱ्या आल्या. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या फेलिटी व आंडा यांच्या अमेरिकन अभ्यासाने बालपणातले नेमके असेच अनुभव मोजले होते: घरातील व्यसन, आईला होणारी मारहाण, मुलाचा छळ. अशा अनुभवांची संख्या जितकी अधिक, तितके प्रौढपणी नैराश्य, व्यसन व आत्महत्येचे प्रयत्न अधिक, असे त्यात दिसले.

अर्थात हे विधिलिखित नव्हे. एकाच घरातली दोन भावंडे निराळी निघतात. उपजत स्वभावाने फरक पडतो, तसाच वेळेवर लाभलेल्या एखाद्या विश्वासाच्या माणसानेही पडतो.

म्हणूनच दारूबंदी आणि शाळेची उभारणी ही दोन कामे मला पाणलोटाइतकीच मोलाची वाटतात. हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. रात्री न भिता झोपू लागलेले मूल त्या ताळेबंदात मावत नाही. दुष्काळात वाढलेली ती मुले आज पन्नाशी-साठीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत लिहून घेणे हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सहज जमण्याजोगे काम आहे, आणि ते फार काळ लांबवता येणार नाही.