ओट्याखालून आत

रोमन वास्तुकलेचं पुस्तक उघडलं की आधी मंदिरं येतात, मग नाट्यगृहं आणि स्नानगृहं. मंडई आलीच तर तळटिपेत. या पुस्तकात ती पहिल्या पानापासून आहे, आणि तीही रोम शहरातली नव्हे, प्रांतांतली.

अशा मंडईला माकेल्लुम म्हणत. मधे मोकळा चौक, भोवती खांबांची ओवरी, ओवरीला लागून गाळे, चौकात बहुधा एखादी गोल घुमटी. माल मुख्यतः मांस आणि मासळी. आराखडा एवढाच, पण गावागणिक तो बदलतो आणि खरी मौज तिथे आहे. आजच्या लिबियातल्या लेप्टिस मॅग्नात इ.स.पू. ८ मध्ये अन्नोबाल तापापियुस रुफुस या स्थानिक धनिकाने मंडई बांधली. नाव अर्धं प्यूनिक, अर्धं रोमन. शिलालेखही दोन्ही भाषांत. चौकात घुमट्या एक सोडून दोन. तिथल्या एका दगडी पाटावर लांबीची तीन मापं कोरलेली आहेत: रोमन फूट, प्यूनिक हात आणि इजिप्तच्या टॉलेमी राजांच्या काळचा हात. या बंदराची उलाढाल मला कुठल्याही विजयकमानीपेक्षा या पाटावरून अधिक कळते.

अल्जीरियातल्या टिमगादची मंडई सेर्टियुस आणि त्याच्या पत्नीने गावाला दिली. तिथे गाळ्याच्या तोंडाशी दगडी ओटा आडवा बसवलेला आहे; विक्रेत्याने आत शिरायचं ते ओट्याखालून, वाकून. नकाशावर हा ओटा म्हणजे नुसती एक रेघ. नवख्या अभ्यासकाने अशा रेघेपाशी थांबावं आणि घटकाभर स्वतःला गाळेवाला समजावं.

ओळख पटवताना मात्र जपून. नेपल्सजवळ पोत्सुओलीला १७५० मध्ये उत्खननात सेरापिस देवाची मूर्ती निघाली आणि तिथल्या मंडईला लोक दीर्घकाळ देऊळच म्हणत राहिले. (तिचे खांब समुद्री शिंपल्यांनी पोखरलेले आहेत. जमीन खचते आणि वरही येते, याचा तो पुरावा. त्यामुळे भूशास्त्रज्ञांनी या मंडईचं जेवढं कौतुक केलं, तेवढं आम्ही केलं नाही!) उलट तुर्कस्तानातल्या आयझानोईच्या गोल मंडईवर रोमन सम्राट डायोक्लेशियनचा इ.स. ३०१ चा दरांचा हुकूमच कोरलेला आहे.

या विषयातली मोठी नोंदवही क्लेर द रयूट यांनी १९८३ मध्ये फ्रेंचमध्ये सिद्ध केली; आमचं सगळं काम तिच्यावर उभं आहे. संज्ञांचं पहिलं प्रकरण जड वाटलं, तर ते खुशाल सोडा आणि दुसऱ्यापासून, अल्जीरियातल्याच जेमिलाच्या मंडईतल्या मापांच्या खळगेदार दगडापासून, वाचायला घ्या.