किल्ल्यावरची चित्रे आणि घरची खर्चाची वही

कल्याणच्या पूर्ववैभवाविषयी लिहिणारे लेखक ‘पेरिप्लस’मधील कल्लिएना बंदराचा उल्लेख, कान्हेरीच्या लेण्यांतील कल्याणनिवासी दात्यांचे शिलालेख आणि १६५७ साली कल्याण हस्तगत केल्यावर शिवछत्रपतींनी येथील खाडीत उभारलेले आरमार यांची साक्ष क्रमाने काढतात आणि ते यथायोग्यच आहे. परंतु ज्या खाडीकाठी दुर्गाडीचा किल्ला उभा आहे त्याच खाडीच्या आसमंतात, म्हणजे ठाण्यापासून डोंबिवलीमार्गे कल्याणपर्यंत, दरसाल आश्विनाच्या अखेरीस चाळींच्या अंगणांतून मातीचे शेकडो किल्ले उठत आले. त्या किल्ल्यांवर मांडावयाच्या मातीच्या चित्रांचा संग्रह वर्षानुवर्षे वाढवीत नेणारे बालसंग्राहक आणि त्या संग्रहावर खर्चाचा अंकुश ठेवणारे घरातील कर्ते पुरुष यांचाही एक इतिहास आहे. तो कोणत्याही सरकारी दफ्तरापेक्षा घरोघरच्या खर्चाच्या वह्यांत अधिक सापडावयाचा. खेळण्यांच्या हौसेला या मुलखात आवर बसला तो माणसे फार संयमी होती म्हणून नव्हे. खरेदीची तिथी पंचांगाने ठरवून दिलेली होती आणि त्या तिथीबाहेर बाजारात वस्तूच मिळत नव्हती म्हणून तो बसला, असे माझे मत आहे, आणि ते मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आगगाडीपूर्वीच्या ग्रामव्यवस्थेत हा प्रश्न उद्भवतच नसे. कुंभार हा बलुतेदार. मडकी, घागरी, पणत्या पुरवाव्या आणि सुगीला खळ्यावर धान्य न्यावे हा त्याचा हक्क. देशावर पोळ्याला किंवा बेंदराला पूजेचे मातीचे बैल तोच देई, आणि त्यांचा मोबदला त्याच बलुत्यात जिरून जाई. खेळण्याला जेथे स्वतंत्र किंमत नाही तेथे खेळण्यावरील खर्चालाही स्वतंत्र अस्तित्व नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली, १ मे १८५४ रोजी तो मार्ग कल्याणपर्यंत खुला झाला, आणि पुढील शतकभरात या पट्ट्यात असा एक वर्ग वस्तीला आला की ज्याला धान्य खळ्यावर मिळत नव्हते, तर महिन्याच्या महिन्याला रोख वेतन मिळत होते. रेल्वेचे कामगार, मुंबईच्या कचेऱ्यांतील कारकून, १९२४ पासून अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यातील मजूर, त्याच सुमारास ठाण्याच्या लोकरीच्या गिरणीतील कामगार, आणि स्वातंत्र्यानंतर शहाड, मोहने, ठाणे-बेलापूर पट्टा व डोंबिवलीची औद्योगिक वसाहत येथील नोकरदार, हे सर्व या वर्गाचे घटक होत.

या वर्गाच्या हाती वर्षातून एकदाच वेतनाखेरीज काही रक्कम येई, ती बोनसची. बोनस हा मालकाचा कृपाप्रसाद की कामगाराचा हक्क, हा वाद लहान नव्हता. तो नाकारला गेला म्हणून १९२४ च्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला, आणि अखेर १९६५ च्या बोनस अधिनियमाने त्याला कायद्याचा आधार दिला. किमान बोनस आरंभी ४ टक्के होता, पुढे तो ८.३३ टक्के, म्हणजे स्थूलमानाने एका महिन्याच्या वेतनाइतका झाला. रेल्वेच्या नोकरांनाही १९७९ पासून उत्पादकतेशी निगडित बोनस मिळू लागला. ही सारी रक्कम दिवाळीच्या तोंडावर येत असल्याने कपडे, फराळाचे सामान, वाण्याची थकबाकी आणि मुलांचे फटाके यांची विल्हेवाट एकाच आठवड्यात लागे, आणि या सर्वांच्या शेपटाला किल्ल्याच्या चित्रांची मागणी मंजुरीसाठी पुढे येई. अर्जदार आठ-दहा वर्षांचा, मंजुरी देणारा अधिकारी त्याचा बाप, आणि शिफारस करणारी आई किंवा आजी. मामलेदार कचेरीतही कामकाज याहून फार निराळे चालत नसावे.

ही चित्रे म्हणजे काय वस्तू होती हे नव्या वाचकासाठी सविस्तर सांगितले पाहिजे. दोन फाळ्यांच्या साच्यात माती दाबून काढलेली, सुकल्यावर आधी पांढऱ्या रंगाचा हात दिलेली आणि त्यावर ठळक रंगांनी रंगवलेली वीतभर किंवा त्याहूनही लहान मूर्ती, आणि नंतरच्या काळात प्लॅस्टरची. सिंहासनावर बसलेले महाराज सर्वांत मोठे आणि सर्वांत महाग. मग भाला घेतलेले, तलवार उगारलेले, तुतारी फुंकणारे मावळे. आणि त्यांच्यासोबत, इतिहासाची कसलीही पर्वा न करता, भाजीवाली, गवळी, गाय-वासरू, गुहेतला वाघ आणि शिटी तोंडात धरलेला वाहतूक पोलीस. ठाण्यास जांभळी नाक्यावर, कल्याणास शिवाजी चौकाच्या परिसरात आणि डोंबिवलीस फडके रोडच्या कडेला गोणपाटावर ही फौज मांडून विक्रेते बसत. वसुबारसेच्या आधी आठ-दहा दिवस ही फौज दिसू लागे आणि पाडव्यानंतर नाहीशी होई. ज्याला घ्यावयाचे त्याने याच मुदतीत घ्यावे. मागाहून पैसे हाती आले तरी माल नाही, आणि माल समोर असताना पैसे हवे तितके नाहीत, या दुहेरी कोंडीतच सारी काटकसर सामावलेली होती.

प्रत्येक वर्षी सर्व चित्रे नवी घेणे कोणालाच परवडत नसे. म्हणून जुनी जपावयाची, फुटलेली जोडावयाची आणि दोन-चार नवी घालावयाची अशी रीत पडली, आणि तिलाच मी या प्रांतातील खेळणीसंग्रहाचा आरंभ मानतो. तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडताना तांबड्या मातीत रुजवलेल्या हळिवाची आणि मोहरीची वाळून पिवळी पडलेली रोपे बाजूला सारून चित्रे एकेक करून उचलली जात, ओल्या फडक्याने पुसली जात, वर्तमानपत्राच्या तुकड्यांत गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात निजवली जात, आणि तो डबा माळ्यावर जाई. मान मोडलेल्या मावळ्याच्या धडात काडेपेटीची काडी खुपसून, तिला डिंक लावून डोके पुन्हा बसवले जाई. तुटलेला भाला खराट्याच्या काडीचा होई. किल्ला पुष्कळदा साऱ्या चाळीचा मिळून असे, तेव्हा नव्या चित्रांसाठी वर्गणी निघे, आणि घरोघरची जुनी चित्रे एकाच किल्ल्यावर मांडली जात असल्याने प्रत्येकाने आपल्या चित्राच्या बैठकीखाली शाईने आपले आद्याक्षर घालून ठेवलेले असे. किल्ला मोडण्याच्या दिवशी त्या आद्याक्षरांवरून जे तंटे होत ते मिटवण्यास चाळीतील एखाद्या पेन्शनर गृहस्थास पंच म्हणून बसावे लागे.

हा मुलांचा संग्रह झाला. स्त्रियांचा संग्रह याहून शांत आणि, मला वाटते, अधिक विचारपूर्वक केलेला होता. चैत्र शुद्ध तृतीयेला झोपाळ्यात बसवलेली चैत्रगौर अक्षय्य तृतीयेपर्यंत घरात असे, आणि त्या महिन्यातील एखाद्या सोयीच्या दिवशी हळदीकुंकू करून आंब्याची डाळ व पन्हे देण्याची चाल ठाणे-डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय घरांतून चांगली रुजलेली होती. गौरीपुढील आरास हा त्या दिवसाचा मानबिंदू; आणि आराशीत फराळाच्या व फळांच्या जोडीला घरातील सर्व बाहुल्या, कचकड्याची बदके, पितळेची भातुकली आणि सावंतवाडीची लाकडी फळे मांडली जात. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी रंगवलेली ती फळे चाकरमान्यांच्या सामानातून या शहरांत येत. मे महिन्यात गावी जाणाऱ्या गृहिणीने परतताना एक पेरू, पुढल्या खेपेस एक सीताफळ, असे करत परडी भरावी; दहा वर्षांत परडी भरली तरी कोणत्याही एका वर्षीच्या खर्चात ती जाणवू नये. ही युक्ती कोणी शिकवलेली नव्हती. जत्रेच्या पैशांचेही तेच: शके ९८२ च्या अंबरनाथ शिवमंदिराजवळ महाशिवरात्रीस भरणाऱ्या जत्रेत मुलाच्या मुठीत जे नाणे दिलेले असे ते पिपाणीवर उडवावे की भिंगरीवर, एवढाच निर्णय त्याच्या अखत्यारीत असे.

घरखर्चाच्या वहीत हे सारे ‘किरकोळ’ या सदराखाली जाई. वाणी, दूध, भाडे, शाळेची फी, विम्याचा हप्ता यांना स्वतंत्र रकाने. उरलेले सारे किरकोळ. कडक शिस्तीचा गृहस्थ मात्र दिवाळीच्या पानावर ‘किल्ल्याकरिता चित्रे’ अशी स्पष्ट नोंद करी, आणि पुढील वर्षी तेच पान उघडून तेवढीच रक्कम मंजूर करी, मग दरम्यान भाव वाढलेले असोत की नसोत. ज्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठेतील व्यापारी आपल्या चोपड्यांची पूजा करीत, त्याच संध्याकाळी या नोकरदारांच्या वहीत वर्षातला सर्वांत उधळा हप्ता लिहिला जाई, हा योगायोग मला नेहमी मौजेचा वाटत आला आहे. मुलांनाही स्वतःचा हिशेब होता: मातीचा गल्ला घरात आणि संचयिकेचे पुस्तक शाळेत. यांतील गल्ला दिवाळीआधी फोडण्यासाठीच भरला जाई.

या व्यवस्थेला तडा गेला तो कोणाच्या उधळेपणाने नव्हे, मालाच्या बारमाही मुबलकतेने. १९८७ साली स्थापन झालेल्या फनस्कूल कंपनीने गोव्यातील कारखान्यात परदेशी धर्तीचे सांधेजोड सैनिक तयार करण्यास आरंभ केला, आणि मावळ्याच्या जागी ‘जी. आय. जो’ हा शिपाई येऊन उभा राहिला. तो जून महिन्यातही मिळे, डिसेंबरातही मिळे. अमेरिकेत १९६८ साली सोळा नमुन्यांनी सुरू झालेल्या हॉट व्हील्सच्या मोटारी, मूळ गाडीच्या चौसष्टाव्या हिश्शाच्या, स्टेशनाबाहेरील खेळण्यांच्या दुकानांत टांगलेल्या दिसू लागल्या. १ एप्रिल २००१ पासून उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले आणि चिनी मालाचा लोंढा आला. त्याआधीच, १९९५ पासून, हॉट व्हील्सच्या उत्पादकांनीच काही मोटारी मुद्दाम थोड्या संख्येने काढून त्यांना ‘ट्रेझर हंट’ असे नाव दिले. दुर्मीळता पूर्वी हंगामामुळे येत असे, ती आता कारखान्यात घडवली जाऊ लागली, आणि हंगामी दुर्मीळता खिशाचे रक्षण करी तर ही नवी दुर्मीळता खिसा कापते, हा फरक क्षुल्लक नाही.

पूर्वीच्या मुलांचा हा वारस आज तीस-चाळीस वर्षांचा आहे, त्याच्या हाती स्वतःचे वेतन आहे, आणि मंजुरी देणारा बाप व अर्ज करणारा मुलगा या दोन्ही भूमिका तो एकटाच पार पाडतो. त्याच्या कपाटात पाकिटे न फोडलेल्या मोटारींच्या रांगा असतात. त्यांतील प्रत्येक मोटार स्वतंत्रपणे स्वस्त असते, आणि म्हणूनच ती ‘किरकोळ’ सदरात बिनबोभाट शिरते. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणचिन्हाची सक्तीही आली. कल्याण बंदराच्या जकातनाक्यावरील एखाद्या जुन्या कारकुनाला हे आकडे वाचून समाधान वाटले असते. परंतु हौस जकातीला दबत नाही, ती केवळ महाग होते. या संग्राहकांपैकी जे शहाणे आहेत त्यांनी आपापल्या परीने जुनीच रीत पुन्हा शोधून काढली आहे: महिन्याची रक्कम आधी ठरवून ती वेगळी ठेवणे, नवे घेण्यापूर्वी जुने एखादे विकणे, एकाच वर्गाचा संग्रह करणे. माझ्या मते याहूनही परिणामकारक उपाय एकच, आणि तो म्हणजे खरेदीला पुन्हा तिथी लावून देणे. वर्षातून एक आठवडा बाजार खुला, उरलेले वर्ष जुन्याची निगा.

अंगणांत फरसबंदी झाली, चाळींच्या जागी इमारती आल्या, माती विकत आणावी लागू लागली, आणि तयार रंगवलेले किल्ले चित्रांशेजारीच विक्रीला आले. तरीही ठाणे, कल्याण व डोंबिवलीत किल्लेबांधणीच्या स्पर्धा भरतात आणि माळ्यावरचे डबे अद्याप खाली उतरतात. खर्चाच्या वह्या मात्र झपाट्याने नाहीशा होत आहेत. वडील गेले की त्यांचे गठ्ठे रद्दीवाल्याच्या तराजूत जातात, आणि त्यांच्याबरोबर ‘किल्ल्याकरिता चित्रे’ ही नोंदही जाते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून या परिसराचा अक्षरठेवा सांभाळीत आलेले आहेत. ज्यांच्या घरी वडिलांच्या हातच्या अशा वह्या असतील त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी दिवाळीची पाने एकवार उघडून पाहावीत, आणि जमल्यास त्या वह्या अशा एखाद्या संस्थेच्या हवाली करण्याविषयी तेथे चौकशी करावी, अशी विनंती आहे.